गृहस्थाश्रमी सेवक नारायण वामन टिळक

जुबिलीच्या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांचे कृतज्ञतेने स्मरण करावे, ही रीत योग्यच आहे. मात्र या लेखात आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, ते नारायण वामन टिळक आपल्या धर्मग्रामाचे नव्हेत, आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेचेही सभासद नव्हेत. त्यांचा संबंध अमेरिकन मराठी मिशनशी होता. तरी ते आपल्या नगर जिल्ह्यात राहिले व येथील माणसांसाठी झिजले. विभक्त बंधूंच्या ठायी जे ख्रिस्ताचे आहे ते आपण आनंदाने मान्य करावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली शिकविले आहे. त्या शिकवणुकीस अनुसरूनच हा लेख आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील तापट व आई प्रेमळ होती. आई बालपणीच निवर्तली आणि त्यानंतर त्या मुलास घर असे राहिले नाही. तो नाशिकास आला व तेथे गणेशशास्त्री लेले यांजपाशी संस्कृत शिकला. १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाल्या.

या संसाराचे प्रारंभीचे चित्र आदर्श होते असे आम्ही म्हणणार नाही. टिळकांचा स्वभाव शीघ्रकोपी व लहरी होता. आज एक नोकरी, उद्या दुसरे गाव. कधी शाळामास्तर, कधी कीर्तनकार. मनात आले की घरी न सांगता ते निघून जात. हाती पैसा आला तर तो दारी आलेल्या गरजवंतास देऊन टाकीत, आणि चूल कशी पेटावी ही चिंता पत्नीच्या वाट्यास येई. काही अपत्ये लहानपणीच देवाघरी गेली. ज्याला सर्व जगाचा कळवळा होता, त्याच्या घरच्या माणसांनी मात्र फार सोसले. हे लपवून चरित्र लिहिले तर ते खोटे होईल.

नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत. पुढे १८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. तो वाचता वाचता त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी स्नानसंस्कार घेतला. त्या दिवशी जातीचे दार त्यांस बंद झाले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन आप्तांच्या आश्रयास राहिल्या. नवऱ्याने धर्म सोडला, हा आघात त्या बाईने कसा सोसला असेल, याची कल्पना आज आपणास करवत नाही.

टिळकांच्या जीवनाची खरी कसोटी येथेच लागली. त्या काळी दुसरा विवाह करणे त्यांस कठीण नव्हते. तसे त्यांनी केले नाही. पत्नीवर हक्क सांगून तिला ओढून आणण्याचा मार्गही त्यांनी धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले व वाट पाहत राहिले. अशी चार-पाच वर्षे गेली. अखेर लक्ष्मीबाई नगरास आल्या. परंतु त्या धर्मांतर करून आल्या नव्हत्या, आपले सोवळे बरोबर घेऊन आल्या होत्या. टिळकांनी त्यांच्या सोवळ्याओवळ्याची निराळी सोय करून दिली. ज्या मनुष्यास राग आवरत नसे, तो येथे धीर धरावयास शिकला. काही काळ त्यांचे बिऱ्हाड राहुरीस होते. दौंड-मनमाड लोहमार्गावरील ते राहुरी स्थानक आपल्या बेलापूरचे नाव धारण करणाऱ्या श्रीरामपूरच्या स्थानकापासून फार लांब नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद गळून पडला आणि १९०० साली त्यांनीही स्वखुषीने स्नानसंस्कार घेतला.

त्यानंतर ते घर केवळ नवराबायकोचे राहिले नाही. दुष्काळ व प्लेग यांनी त्या वर्षांत आपला मुलूख उजाड केला होता. निराश्रित मुले, गरीब विद्यार्थी, आजारी माणसे यांना टिळकांच्या घरी अन्न व आसरा मिळे. पूर्वी टिळक एकटेच दान करीत आणि त्याची झळ घरास लागे. आता पतिपत्नी मिळून देऊ लागली. आमच्या मते या चरित्रातील सर्वांत मोठे परिवर्तन ते हेच. बालकवी ठोमरे यांनाही याच घराने पुत्रवत् माया लावली. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी त्या कोवळ्या मुलाचे गुण ओळखले होते.

टिळकांच्या काव्याविषयी येथे विस्तार करीत नाही. त्यांची भजने महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंदिरांतून आजही गाइली जातात. अभंग-ओवीच्या चालीवर ख्रिस्ताचे नाव गाता येते, हे त्यांनी आपल्या लोकांस दाखविले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली. साताऱ्यास राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारण्याचा उद्योग केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. जिला एके काळी त्यांच्या धर्माचे नावही नको होते, त्याच पत्नीने ते पुढे लिहिले. आणि १९३६ साली तीही परलोकवासी झाल्यावर चिरंजीव देवदत्तांनी अखेरचा अध्याय लिहून ते पुरे केले. एका घरातील तिघांच्या हातून एक काव्य पूर्ण व्हावे, याहून त्या संसाराचे दुसरे स्मारक कोणते हवे? लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त पतीचे गुण व दोष दोन्ही हसतमुखाने सांगितले आहेत. कटुता उरली असती तर तसे हसणे शक्य झाले नसते.

प्रिय धर्मग्रामस्थांनो, जुबिलीच्या तयारीत आपणांपैकी अनेकांनी रात्रीचा दिवस केला. मंडप उभारले, वर्गणी गोळा केली, पाहुण्यांची सोय पाहिली. त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. त्याबरोबर एक विनंती करतो. सभेच्या कामाहून रात्री घरी परतल्यावर दार कोण उघडते, ती दिवसभर कशी होती, मुले जेवली की नाही, हेही विचारीत जा. टिळकांना ही गोष्ट उमगावयास अर्धे आयुष्य लागले, पण उमगली तेव्हा त्यांच्या एका घरात अनेकांना घर मिळाले. आपल्या प्रत्येक घरास परमेश्वर तशी कृपा देवो.