राळ्याचा भात, काळे सोयाबीन आणि डॉ. कोटणीस

न्हावा शेव्याच्या धक्क्यावरून पश्चिमेकडे पाहिले की घारापुरीचे बेट दिसते आणि त्यापलीकडे मुंबई. चीनहून आलेले कंटेनर आज इथे रोज उतरतात. हे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. १९३८ मध्ये इथे कोळ्या-आगऱ्यांची गावे आणि मिठागरे होती. त्या वर्षी १ सप्टेंबरला समोरच्या मुंबईच्या किनाऱ्यावरून ‘राजपुताना’ ही बोट निघाली आणि याच खाडीच्या तोंडातून बाहेर पडली. तिच्यात चीनला निघालेले पाच भारतीय डॉक्टर होते. त्यांतले चार परत आले. पाचवे सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते ती बहुधा व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे. चित्रपटात त्याग दिसतो, युद्ध दिसते, प्रेमही दिसते. आरोग्याच्या सदरात मात्र वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो. परक्या मुलखात चार वर्षे हा माणूस काय खात होता, कोणाच्या घरी जेवत होता आणि वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्याचा जीव कशाने गेला?

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. वैद्यकीचे शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात झाले. पदव्युत्तर अभ्यासाची तयारी चालू असतानाच जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनसाठी काँग्रेस वैद्यकीय पथक पाठवत असल्याचे त्यांना समजले आणि त्यांनी नाव दिले. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे सोबती. कँटनला त्यांच्या स्वागताला खुद्द सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग आल्या होत्या. पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, जोडले गेले. कोटणीस झाले के दिहुआ. चुंगकिंगला असतानाच वडील गेल्याची बातमी आली. घरी परतायची मोकळीक होती, पण ते पुढे निघाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

खरा परदेशवास इथून सुरू झाला. राहायला डोंगरात कोरलेल्या गुहा आणि जेवायला मुख्यतः राळे. आपल्याकडे राळ्याचा भात आता मिलेट म्हणून महागड्या पाकिटात मिळतो. उत्तर चीनच्या कोरडवाहू टेकड्यांत मात्र ते गोरगरिबांचे रोजचे अन्न होते, सोलापूरच्या माणसाला जशी ज्वारी. दिसायला पिवळा, चवीला किंचित कडसर. राळ्यात प्रथिने साधारण १२ टक्के, म्हणजे तांदळापेक्षा बरीच जास्त. पण लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात कमी असते आणि ती उणीव डाळी-शेंगांनी भरून निघते. टंचाईच्या काळात तिथे काळे सोयाबीन शिजवून खात. एरवी ते घोड्यांचे खाद्य. दोन्ही एकत्र खाल्ले तर आपल्या खिचडीचाच हिशेब जमतो. पोट भरत होते, पण मांस, तेल, भाजी यांची चणचण होती. परदेशी डॉक्टर म्हणून मिळू शकणारी खास सोय कोटणीस यांनी घेतली नाही आणि सैनिकांचेच जेवण घेतले.

माझ्या मते त्यांचे मोठे शस्त्र ऑपरेशनची सुरी नव्हते, भाषा होती. चिनी भाषा ते नुसती बोलायलाच शिकले नाहीत, लिहायलाही शिकले. पुढे त्यांनी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक चिनी भाषेत लिहायला घेतले. एकाच मोठ्या भांड्यात सगळ्यांनी काड्या घालून जेवायचे, थंडीत विटांच्या गरम ओट्यावर मांडी घालून बसायचे, पाणी प्यायचे तेही उकळलेले, या उत्तर चीनच्या रीती. भाषा येत असली की असे जेवण उपचार राहत नाही, गप्पा होते. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले, अटल १९४० मध्ये. कोटणीस आणि बसू जपानी फळी ओलांडून वुताई पर्वताच्या आघाडीवर गेले. १९४० च्या लढाईत कोटणीस यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. जखमी सैनिक त्यांना काळी आई म्हणत. आपण जमिनीला काळी आई म्हणतो हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या रक्तदोषाने १९३९ मध्ये गेले होते. पेनिसिलिन तेव्हा हाताशी नव्हते. बेथ्यून यांच्या स्मारकाच्या समारंभात कोटणीस यांना प्रथम पाहणाऱ्या परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनानी न्ये रोंगचेन यांनी त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

तोवर कोटणीस आजारी होते. त्यांना पट्टकृमीचा त्रास झाला होता आणि पुढे अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे झटके येऊ लागले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. या दोन्हींचा संबंध आजचा मेंदूविकारतज्ज्ञ लगेच जोडून पाहील. कोटणीस यांच्या मेंदूचे आजच्यासारखे स्पष्ट चित्र घेण्याची सोय तेव्हा जगात कुठेच नव्हती, सीटी स्कॅन आला १९७० च्या दशकात. त्यामुळे ही दाट शक्यता म्हणूनच वाचावी.

यातली मेख अशी. डुकराचे कच्चे राहिलेले मांस खाल्ले तर कृमी आतड्यात वाढतो. तो त्रासदायक असला तरी बहुधा जीवघेणा नसतो. पण त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हातावाटे, पाण्यातून किंवा भाजीवरून कोणाच्या तोंडात गेली तर अळ्या रक्तातून मेंदूत जाऊन गाठी करतात. त्या गाठी वर्षानुवर्षे गप्प राहतात आणि मरू लागल्या की सूज येऊन झटके येतात. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याला स्वतःच्याच हातून ही बाधा होऊ शकते. उत्तर चीनच्या खेड्यांत तेव्हा संडास आणि डुकरांचा गोठा एकमेकांना जोडून असत, म्हणजे कृमीचे चक्र अंगणातच पूर्ण होई. नाक मुरडू नका, आपल्याकडेही हा रोग भरपूर आहे आणि मांसाला न शिवणाऱ्यांनाही होतो. न धुतलेली कोथिंबीर पुरते. जिथे हा कृमी मूळ धरून आहे तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत कारण तोच असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आज अल्बेंडाझोल, सूज कमी करणारी औषधे आणि झटके रोखणाऱ्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. फिनोबार्बिटोन तेव्हाही होते, पण वेढलेल्या डोंगरात औषधांचीच वानवा.

उपचारासाठी आघाडी सोडून जा, असे कोटणीस यांना सुचवले गेले. ते गेले नाहीत. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री एकामागून एक झटके आले. मध्ये शुद्ध न येता झटके चालू राहिले तर मेंदूला आणि श्वासाला धोका असतो. पाच मिनिटांहून लांबलेला झटका म्हणजे तातडीने रुग्णालय, हे आज कोणीही डॉक्टर सांगेल. आपल्याकडे मात्र अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. हे काही करू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. गेगोंग गावात त्या रात्री सोबतचे डॉक्टर होते, जे हाती होते ते त्यांनी केले. ९ डिसेंबरला पहाटे कोटणीस गेले. यिनहुआ तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. पाठ्यपुस्तक अर्धे राहिले.

डॉ. बसू १९४३ मध्ये एकटे परतले. पुढे १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले आणि तिथून अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले. यिनहुआ डॉक्टर होण्याच्या वाटेवर असतानाच १९६७ मध्ये, पंचविशीच्या उंबरठ्यावर, गेला. गुओ चिंगलान भारतात अनेकदा आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या आणि २०१२ मध्ये दालियान इथे वारल्या. सोलापुरातल्या घराचे आता स्मारक झाले आहे. कोटणीस यांची समाधी शिजियाझुआंग शहरात आहे. एप्रिलमध्ये पितरांची आठवण करण्याचा चिनी सण येतो, तेव्हा तिथले लोक त्यांच्या समाधीवरही फुले ठेवून जातात.