कर्नल सी. के. नायडू

सायंकाळी शाळेच्या मैदानावरील खेळ आटोपून मुले घराकडे वळली की त्यांच्यात एक वाद हटकून निघतो. एकाचे म्हणणे असे की, चेंडू दिसला की ठोकणारा फलंदाज चार दिवस गाजतो आणि पाचव्या दिवशी विसरला जातो. नाव राहते ते खेळपट्टीवर पाय रोवून उभे राहणाऱ्याचे. दुसऱ्याला हे मुळीच मान्य नसते. दोन्ही पक्ष घरी पोहोचेपर्यंत भांडतात आणि वाद तेथेच राहतो. पालकांचे मत बहुधा पहिल्या पक्षाकडे झुकते, कारण बेफाम फटकेबाजी आणि अभ्यासातील धरसोड ही त्यांस एकाच जातीची वाटतात. असल्या वादाचा निकाल तर्काने लागणे कठीण. एखादे संपूर्ण आयुष्य समोर ठेवून पाहावे लागते, आणि त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. यवतमाळ जिल्हा ज्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे, त्या प्रांताच्या राजधानीत, म्हणजे नागपुरास, 31 ऑक्टोबर 1895 रोजी असा एक पुरुष जन्मास आला.

कोट्टारी कनकैया नायडू यांचे घराणे मूळचे तेलुगू, परंतु आजोबांच्या वेळेपासून नागपुरात स्थायिक झालेले. आजोबा नारायणस्वामी नायडू हे नामांकित वकील व जमीनदार होते. राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. वडील सूर्यप्रकाशराव केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाले आणि पुढे होळकर संस्थानात न्यायाधीश झाले. केंब्रिजला असताना रणजितसिंहजी हे त्यांचे समकालीन विद्यार्थी होते. घरात विद्या होती, पैसा होता आणि क्रिकेटचे वारेही होते. कनकैयांचे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप संस्थेत झाले. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने नागपुरात शिक्षणाचा जो पाया घातला, त्यावरच पुढे ती संस्था उभी राहिली. मिशनच्या शाळांतून खेळाच्या तासास अभ्यासाच्या तासाइतकेच महत्त्व देण्याची चाल जुनीच आहे. त्या चालीला नायडूंइतके मोठे फळ आपल्या भागात क्वचितच आले असेल.

1916 साली ते मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघातर्फे युरोपियनांविरुद्ध प्रथम उतरले. वय एकवीसही पुरे नव्हते. संघाचे सात गडी 79 धावांत बाद झालेले. अशा वेळी शहाणा मुलगा काय करील? डोके खाली घालून दिवस कसाबसा ढकलील. नायडूंनी तीन चेंडू नुसते अडवले आणि चौथा सरळ सीमेबाहेर भिरकावून षटकार मिळवला. प्रथम श्रेणीच्या खेळातील त्यांची पहिली धावच मुळी षटकाराने आली. येथे माझ्या विद्यार्थ्यांनी त्या षटकारापेक्षा त्याआधीचे तीन चेंडू अधिक लक्षात ठेवावेत असे मला वाटते. गोलंदाज काय टाकतो आणि चेंडू कितपत उसळतो हे त्या तीन चेंडूंत पाहून झाले होते. आंधळेपणाने बॅट फिरवणाऱ्यास एवढाही धीर नसतो.

अंगलोट सडपातळ, उंची सहा फुटांवर, पाठ ताठ आणि हात लांब. चेंडू जेथे टप्पा घेतो तेथपर्यंत पाय टाकून गोलंदाजाच्या डोक्यावरून सरळ रेषेत तो उचलून मारणे हा त्यांचा आवडता फटका होता. सरळ बॅटीने मारलेल्या उंच फटक्यात जोखीम वाटते त्याहून कमी असते. आडव्या बॅटीचा फटका चुकला की यष्टी उडालीच. हे गणित नायडूंस मनगटातून समजले होते. त्यांच्या खेळीला जुगार म्हणणाऱ्यांनी ते ध्यानी घेतले नाही. शिवाय ते उपयुक्त गोलंदाज आणि कसलेले क्षेत्ररक्षक होते, हे फटक्यांच्या लखलखाटात पुष्कळदा विसरले जाते. प्रथम श्रेणीत त्यांनी 411 बळी घेतले. 1923 साली इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांस बोलावून घेतले व आपल्या सैन्यात कप्तानाचा हुद्दा दिला. त्याच सैन्यात ते पुढे कर्नल झाले, आणि ती पदवी त्यांच्या नावास कायमची चिकटली.

आता 1 डिसेंबर 1926 या दिवसाकडे वळू. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ हिंदुस्थानात आला होता आणि मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाशी त्याचा सामना होता. हा जिमखाना गोऱ्या साहेबांचा. हिंदी माणसास त्याचे सभासद होता येत नसे. पाहुण्यांनी 363 धावा केल्या होत्या. नायडू खेळावयास आले आणि अवघ्या 116 मिनिटांत त्यांनी 153 धावा काढल्या. त्यांत 13 चौकार आणि 11 षटकार होते. मुलांनी हिशेब करून पाहावा: 153 पैकी 118 धावा केवळ सीमापार फटक्यांच्या. ते मैदानावर असताना संघाच्या एकूण 187 धावा झाल्या, म्हणजे बाकीच्यांच्या वाट्यास किती थोड्या आल्या ते कळेल. जिमखान्याच्या छपरावर चेंडू जाऊन पडला. बातमी शहरभर पसरली तसे लोक कामधंदा सोडून मैदानाकडे धावले आणि आसपासच्या झाडांवर व गच्चीगच्चीवर चढून पाहू लागले. प्रथम श्रेणीच्या एका डावात 11 षटकार तोपर्यंत जगात कोणी मारले नव्हते. एम. सी. सी.ने त्यांस चांदीची बॅट भेट दिली. हिंदी खेळाडू कसोटी सामन्यांस पात्र आहेत अशी गिलिगन यांची खात्री याच दौऱ्यात पटली. 1928 साली नियामक मंडळ स्थापन झाले आणि 1932 साली भारत कसोटीच्या मैदानात उतरला. ज्या छपराखाली आपणांस प्रवेश नाही त्यावर आपल्यातील एकाचा चेंडू आदळावा, याचे त्या काळच्या माणसास काय वाटले असेल ते सांगावयास नको.

परंतु आमच्या वादाच्या दृष्टीने त्या सामन्यातील दुसरीच एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. नायडूंच्या आधी, त्याच खेळपट्टीवर, गाय अर्ल नावाच्या इंग्लिश फलंदाजाने 130 धावा ठोकल्या होत्या, आणि त्यांत 8 षटकार होते! नायडूंच्या आणि त्यांच्या फटक्यांत अंतर ते काय, अवघ्या तीन षटकारांचे. आज अर्ल यांचे नाव कोणास ठाऊक आहे? ते इंग्लंडकडून एकही कसोटी सामना खेळले नाहीत, आणि त्यांची आठवण निघते ती नायडूंच्या पराक्रमाची प्रस्तावना म्हणून. तेव्हा केवळ फटक्यांनी कीर्ती टिकते असे म्हणणाऱ्या दुसऱ्या पक्षाचेही येथे फारसे भागत नाही. नायडूंच्या ठायी फटक्यांवाचून आणखी काही असले पाहिजे.

1932 च्या इंग्लंड दौऱ्यात पोरबंदरचे महाराज कर्णधार व लिंबडीचे राजपुत्र उपकर्णधार होते. पण 25 जून रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला तेव्हा नाणे उडवण्यास गेले ते नायडू. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हातास इजा झाली. तशाच हाताने खेळून त्यांनी 40 धावा केल्या, आणि पहिल्या डावात त्याहून अधिक धावा कोणा भारतीयास करता आल्या नाहीत. सामना 158 धावांनी गेला. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी पाच शतकांसह सोळाशेंहून अधिक धावा काढल्या. एजबॅस्टनच्या मैदानावर त्यांनी मारलेला एक चेंडू रे नदीपलीकडे, एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात जाऊन पडला असे सांगतात. विस्डेनने 1933 च्या पाच उत्तम खेळाडूंत त्यांची निवड केली.

आता हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नायडू एकंदर सात कसोटी सामने खेळले. धावा 350, सरासरी 25, शतक एकही नाही. पहिल्या कसोटीच्या वेळी त्यांचे वय छत्तीस होते, ही सबब खरी आहे; आपल्या बहरातील दहा-बारा वर्षे ते देशातील धर्मवार सामन्यांतच खेळले. (त्या सामन्यांत आम्हा ख्रिस्ती लोकांस जागा मिळाली ती 1937 साली, इतरेजनांचा पाचवा संघ निघाला तेव्हा, सांगलीचे विजय हजारे हे त्याच संघाचे भूषण.) तरीही आकडे हे आकडेच. प्रथम श्रेणीतील नायडूंची सरासरी 36 च्या जवळपास, तर विजय मर्चंट यांची 71 च्या वर. मर्चंट यांची बॅट जणू हिशेबनीसाची लेखणी होती; एक धाव वाया नाही, एक चेंडू दुर्लक्षित नाही. निव्वळ धावांच्या वहीवरून निकाल द्यावयाचा तर पालकांचा पक्ष सहज जिंकतो. इंग्लंडचे जेसप हेही असेच फटकेबाज. त्यांची कसोटी सरासरी 22 च्या आत आहे, आणि तरी 1902 च्या ओव्हलवरील त्यांचे शतक विसरले गेलेले नाही. अशा खेळाडूंस सरासरीच्या तराजूत घालणे मला तरी अन्यायाचे वाटते; पण नुसत्या टाळ्यांच्या तराजूत घालणे त्याहून वाईट.

1936 साली इंग्लंडला जाताना कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. तीन कसोट्यांत या राजपुत्राच्या धावा झाल्या 33. खेळात आपल्या पासंगासही न पुरणाऱ्या पुढाऱ्याच्या हाताखाली खेळणे नायडूंसारख्या मानी माणसास किती जड गेले असेल! ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी अॅलन यांच्या वेगवान चेंडूचा जबर मार त्यांस बसला. ते मैदान सोडून गेले नाहीत. तो डाव 81 धावांचा झाला. कसोटीतील त्यांची ती सर्वांत मोठी खेळी आणि शेवटचीही.

चाळिशी गाठलेल्या दुसऱ्या कोणा फटकेबाजाचे चरित्र येथे संपले असते. डोळ्याची चपळाई उतरू लागली की असा खेळाडू लवकर निकामी होतो, ही समजूत खोटी नाही. नायडूंच्या आयुष्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र येथून सुरू होतो. 1941 पासून रणजी करंडकाच्या सामन्यांत होळकर संघ उतरला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे खेळाडू आणि त्यांच्या शिरावर कर्नल. शिस्त पलटणीची. चेंडू लागला तर चोळावयाचे नाही, तोंड वेडेवाकडे करावयाचे नाही. मार्च 1945 मधील मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी आपले धाकटे बंधू सी. एस. नायडू यांजकडून दोन डावांत मिळून 917 चेंडू टाकवून घेतले. एका सामन्यात इतके चेंडू जगात दुसऱ्या कोणी टाकलेले नाहीत. विजयास 867 धावा पाहिजे असता होळकर संघाने 492 केल्या. त्यांत महूच्या छावणीतून आलेल्या डेनिस कॉम्प्टन यांच्या नाबाद 249. कर्नलांचा कडकपणा कित्येकदा हट्टापर्यंत जाई, आणि त्यांच्याविषयी वाटणाऱ्या आदरात भीतीचा अंश मोठा होता. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. शिक्षकाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या मला तो कडकपणा सर्वस्वी रुचत नाही. परंतु तो नियम त्यांनी स्वतःस आधी लावला. एकदा रणजी सामन्यात दत्तू फडकर यांच्या वेगवान चेंडूने त्यांचे दोन दात पाडले. वय पन्नाशीच्या बरेच पुढे गेलेले. दात खेळपट्टीवरून बाजूस सारून ते पुन्हा पवित्रा घेऊन उभे राहिले.

पुढच्याच मोसमात, 1945-46 च्या अंतिम सामन्यात, बडोद्याविरुद्ध त्यांनी 200 धावा केल्या व करंडक इंदूरला आणला. त्या वेळी त्यांस पन्नास वर्षे पूर्ण झालेली होती. ज्याला लोक क्षणाचा खेळाडू समजत होते त्याने या वयात द्विशतक काढावे, हे शरीर वर्षानुवर्षे राखल्यावाचून घडत नाही. 1947-48, 1950-51 व 1952-53 या मोसमांतही होळकर संघ विजयी झाला. फटके तेच, वृत्तीही तीच. वयाप्रमाणे खेळ आवरता घेण्याचा शहाणपणा त्यांनी कधी दाखवला नाही.

1956 साली त्यांस पद्मभूषण मिळाले; क्रिकेट खेळाडूंत हा मान पहिल्याने त्यांचाच. बहुतेक माणसे अशा सन्मानानंतर आरामखुर्चीत बसतात. नायडू त्याच मोसमात उत्तर प्रदेशचे कर्णधार म्हणून पुन्हा मैदानावर आले आणि राजस्थानविरुद्ध त्यांनी 84 धावा केल्या. वय एकसष्ट, आणि समोरच्या संघात विनू मंकड! 1963-64 च्या मोसमात एका मदतीच्या सामन्यात ते अखेरचे खेळले, तेव्हा पहिल्या षटकारास सत्तेचाळीस वर्षे होऊन गेली होती. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाच्या करंडकासाठी निरनिराळ्या प्रांतांचे तरुण संघ सामने खेळतात, आणि त्या संघांत आपल्या विदर्भाचाही एक संघ असतो.