जॉन न्यूटन : पश्चात्तापाची चाळीस वर्षे

१७४८ च्या मार्च महिन्यात उत्तर अटलांटिक महासागरात ‘ग्रेहाउंड’ नावाचे जहाज वादळात सापडले आणि त्यावरील एका बावीस वर्षांच्या उनाड तरुणाने देवाचा धावा केला. ‘अमेझिंग ग्रेस’ या जगप्रसिद्ध स्तोत्राचा कर्ता जॉन न्यूटन तो हाच. त्याचे आयुष्य त्या एका रात्रीत पालटले, अशी समजूत आज रूढ आहे. परंतु सनावळी जरा शेजारी शेजारी मांडून पाहिली की ती टिकत नाही. गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा तो कप्तान झाला, तो या वादळानंतर, आधी नव्हे.

न्यूटनचा जन्म लंडनमध्ये १७२५ साली झाला. सात वर्षांचा होण्याआधीच आई वारली आणि अकराव्या वर्षी तो दर्यावर्दी बापाबरोबर समुद्रावर गेला. १७४४ मध्ये आरमारात सक्तीची भरती, पलायन, फटके, असे सर्व सोसून तो अखेर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या पदरी येऊन पडला. तेथे त्याची अशी उपासमार झाली की, साखळदंडात जखडलेले गुलाम आपल्या घासातला घास त्याला चोरून देत. ज्याने हे अन्न खाल्ले, त्यानेच पुढे चार वर्षांच्या आत तशाच माणसांची खरेदी स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केली.

१७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने तीन सफरी केल्या. रविवारी तो खलाशांना जमवून प्रार्थना चालवी. त्याच वेळी खालच्या बुटक्या मजल्यावर माणसे जोडीजोडीने बेड्यांत जखडलेली असत. त्याच्या रोजनिशीत या माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. बंडाचा संशय आला तेव्हा कबुली काढण्यासाठी मुलांच्या बोटांना चाप लावल्याची नोंदही त्याने तीत केली आहे. शेवटच्या सफरीत एकही माणूस दगावला नाही, म्हणून परतल्यावर त्याने चर्चमध्ये देवाचे आभार मानले. माल विकला गेला होता. तो माल म्हणजे माणसे होती, हे त्या आभारप्रदर्शनात कोठेच आड आले नाही.

याला निव्वळ ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने उलगडा होत नाही. लिव्हरपूलमध्ये हा व्यापार अब्रूदार मानला जाई. जहाजांत प्रतिष्ठित व्यापाऱ्यांच्या भागी असत. विमा, कर्ज, हुंड्या हे सारे रीतसर चाले. आफ्रिकेत गुलामांच्या मोबदल्यात बंदुका आणि पितळी भांडी जात, तसेच सुती कापडही जाई. आणि त्यातले पुष्कळसे हिंदुस्थानात विणलेले असे. ज्या वृत्तीला बाजाराचा, कायद्याचा आणि शेजाऱ्यांच्या आदराचा असा आधार असतो, ती माणसाला आपली वृत्ती म्हणून दिसतच नाही. ती त्याला जगाची रीत वाटते. शिवीगाळ, स्वैराचार, नास्तिकता ही न्यूटनला पापे म्हणून दिसली आणि ती त्याने लवकर टाकली. व्यापार दिसला नाही. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तोही आकस्मिक आजारामुळे, सदसद्विवेकामुळे नव्हे.

मराठीत ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप. नव्या करारात या अर्थी येणारा मूळ ग्रीक शब्द मात्र ‘मेटानोइया’, म्हणजे मन बदलणे, असा आहे. न्यूटनला ताप तत्काळ झाला होता. मन बदलण्याचे काम रेंगाळले.

१७५५ मध्ये तो लिव्हरपूलच्या जकात खात्यात लागला आणि १७६४ मध्ये धर्मगुरू होऊन ओल्नी या गावी गेला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत तरुणपणीच्या दुराचारांचा कबुलीजबाब आहे. परंतु कप्तान असताना या धंद्याच्या योग्यतेविषयी आपल्याला शंका आली नाही, एवढेच तो तेथे नमूद करतो. नऊ वर्षांनी, १७७३ मध्ये, ते प्रसिद्ध स्तोत्र प्रथम सादर झाले, तेव्हाही गुलामीविरुद्ध त्याने जाहीरपणे ब्र काढलेला नव्हता.

१७८० मध्ये तो लंडनच्या एका चर्चमध्ये आला. १७८५ अखेरीस विल्बरफोर्स हा तरुण संसदसदस्य त्याला गुपचूप भेटला. राजकारण सोडावे काय, हा त्याचा प्रश्न होता. सोडू नये, असा सल्ला न्यूटनने दिला. १७८७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी लंडनमध्ये संस्था स्थापन झाली आणि १७८८ च्या जानेवारीत बासष्ट वर्षांच्या न्यूटनने आफ्रिकेतील गुलाम-व्यापारावरची आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. ती संसदसदस्यांच्या हाती पोहोचवण्यात आली. आपली कबुली फार उशिरा येत आहे, हे त्याने तीत आडपडदा न ठेवता मान्य केले. मात्र केवळ हळहळ व्यक्त करून तो थांबला नाही. किती जागेत किती माणसे कोंबतात, बेड्या कशा घालतात, छळ कसा करतात, स्त्रियांचे काय होते, हे त्याने जाणकाराच्या तपशिलाने मांडले. पुढे संसदेच्या समितीसमोर त्याने साक्षही दिली. या व्यापाराचे समर्थक त्याला अडाणी परोपकारी म्हणून उडवून लावू शकले नाहीत, कारण हिशेब त्याच्याच वहीतले होते.

व्यापारबंदीचा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला. दृष्टी गेलेला न्यूटन त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला वारला. आपल्या स्मृतिशिलेवरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. आपण एके काळी नास्तिक आणि स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचेही चाकर होतो, असे त्यात आहे. गुलामांच्या जहाजाचे कप्तान होतो, असे नाही.