काडेपेटीतला पहिला ॲनिमेटर

तुमच्या हॉस्टेलच्या भिंतीवर लुफीचं पोस्टर असेल, नाहीतर तोतोरोचं. ॲनिमेशनचा विषय निघाला की आपण सगळे थेट जपानला पोचतो. मीही त्यातलीच. मियाझाकीवर कुणी वाकडं बोललं तर मी आजही भांडते.

पण राजेहो, एक तारीख बघा. जपानी ॲनिमेशनची सुरुवात १९१७ पासून धरतात. त्या वर्षीचा ‘नामाकुरा गाताना’ हा चार मिनिटांचा सिनेमा, बोथट तलवार विकत घेऊन फसलेल्या सामुराईची गंमत, हा त्यांचा हाती असलेल्या सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी एक. त्याच्या दोन वर्षं आधी, १९१५ मध्ये, आपल्या महाराष्ट्रातल्या एका माणसानं काडेपेटीतल्या काड्या कॅमेऱ्यासमोर मांडून त्यांना जिवंत केलं होतं. सिनेमाचं नाव ‘आगकाड्यांची मौज’. मिकी माऊसचा ‘स्टीमबोट विली’ यायला तेव्हा अजून १३ वर्षं होती.

माणूस तुम्हाला माहीत आहे. दादासाहेब फाळके. पुरस्काराच्या नावातला, जीकेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेला. पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, आणि तेव्हापासून ते आपल्यासाठी एकदम गंभीर आजोबा होऊन बसले. माझं मत विचाराल तर आपण त्यांना चुकीच्या कपाटात ठेवलंय. ते मुळात खटपट्या, जादूवेडे, थोडे चक्रम कलाकार होते. आजच्या भाषेत, आपल्या गँगमधले.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे पंडित, म्हणजे मुलानंही शास्त्रीबुवा व्हावं अशीच वाट आखलेली. मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेला. मग बडोद्याचं कलाभवन. तिथं चित्रकला, फोटोग्राफी, मातीकाम, जे दिसेल ते शिकला. करिअर काउन्सेलरनं आज असा बायोडाटा पाहिला तर डोक्याला हात लावेल.

पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला आणि प्लेगनं पहिली बायको आणि मूल दोघंही नेली. स्टुडिओ सुटला. हाच माणूस नंतर जादूचे प्रयोग करायचा, तेही ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं. फाळके उलटं वाचा! एवढं सगळं सोसून झाल्यावरही ज्याला आपल्या आडनावाशी असा खेळ सुचतो, तो मला फार जवळचा वाटतो.

पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली होती, स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. लोणावळ्यात छापखाना काढला, रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं, रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. मग भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीत ते पुन्हा रिकाम्या हातानं घरी. याच काळात मुंबईत गिरगावात येशू ख्रिस्तावरचा एक मूकपट पाहिला आणि खूळ लागलं. सिनेमे पाहून पाहून, झोप सोडून, डोळे इतके ताणले की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. तुम्ही रात्रभर जागून अख्खा सीझन संपवता ना, त्याचं हे आद्य रूप समजा.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. तिथं सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परत. आता सिनेमासाठी पैसा हवा. सावकाराला काय दाखवणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ एकेक चित्र घेत राहिले. ती पट्टी पडद्यावर चालवली तेव्हा मिनिटभरात बी फुटून रोप वर आलं. हीच ‘अंकुराची वाढ’. ज्याला आपण टाइमलॅप्स म्हणतो ते. ती पाहून पैसा देणारा मिळाला.

म्हणजे बघा, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी काय होतं? एका वेळी एक चित्र घ्यायचं, थांबायचं, पुन्हा एक घ्यायचं. ॲनिमेशनचं मूळ तत्त्व हेच. भारतीय सिनेमाच्या पायात एक वाटाणा पुरलेला आहे आणि शाळेत हे आपल्याला कुणी सांगत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट तुम्ही ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त पाहिली असेल. ३ मे १९१३, गिरगावचं कोरोनेशन थिएटर. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पण मला इथं सरस्वतीबाईंबद्दल थांबायचंय. घरचे दागिने गेले. दिवसा अख्ख्या युनिटचा स्वयंपाक आणि रात्री दिव्याच्या उजेडात फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम, रसायनं कालवायचं काम, हे सगळं त्यांनी केलं. आज क्रेडिट्समध्ये दहा माणसांची नावं असती त्या जागी त्या एकट्या होत्या. पुरस्कार मात्र एकाच नावाचा. हे मला खटकतं, म्हणून लिहिलं.

मग फाळके नाशिकला गेले. पुढे महायुद्ध सुरू झालं, पैसा देणारे मागे हटले. अशा ओढाताणीच्या दिवसांत, १९१५ मध्ये, ‘आगकाड्यांची मौज’ झाली. फ्रान्समध्ये एमिल कोलनं १९०८ मध्ये काड्यांचा असा खेळ केला होता. फाळक्यांना कल्पना तिथून मिळाली असं म्हणतात. असेल. काडी परदेशी असली तरी हात आपलेच होते.

ते किती कठीण आहे हे मला मागच्या मे महिन्यात कळलं. खापरखेड्यात आमच्या क्वार्टरमध्ये, फरशीवर काड्या मांडून मी मोबाइलनं तेच करून पाहिलं. सेकंदाला १२ फोटो. पंखा लावला की काड्या उडतात. म्हणजे खिडकीतून औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसताहेत, अख्ख्या राज्याला वीज चाललीय आणि मी नागपुरी उन्हाळ्यात पंखा बंद करून बसलेली. काडी गोल नसते, तरी सरकते. ऊन हललं की सावली हलते. मध्येच आई चहा घेऊन आली, पदराचा वारा लागला, बस, ४० फोटो बाद. संध्याकाळपर्यंत हातात आले ७ सेकंद. आणि माझ्याकडे प्रत्येक फोटो लगेच बघायची सोय होती बरं का. फाळक्यांकडे हँडलचा कॅमेरा, आणि काय उतरलं ते फिल्म धुतल्यावरच कळणार.

हा खेळ त्यांनी पुढे देवांच्या सिनेमांतही सोडला नाही. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) मध्ये कंसाचं मुंडकं धडापासून सुटून वर जातं आणि परत येऊन बसतं. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन पाण्यात नागाशी झुंजते. या दोन्हींचे भाग शिल्लक आहेत, बघा. भक्तिपट म्हणून नको, ट्रिक शोधायला बघा. ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाचा मेकिंगचा सिनेमासुद्धा त्यांनी काढलाय. जादूगार आणि वर आपलीच जादू उघड करून दाखवणारा!

शेवट मात्र रंगतदार नाही. हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी पटेना, सगळं सोडून काशीला गेले, नाटक लिहिलं, परत आले. बोलपट आले आणि त्यांचं जग सरलं. ‘गंगावतरण’ (१९३७) हा एकच बोलपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये गेले.

‘आगकाड्यांची मौज’ आज आपल्याला पाहायला मिळत नाही. हरवलेल्या सिनेमांत तिची गणना होते. पण जपानचा ‘नामाकुरा गाताना’ही असाच हरवला होता. २००७ मध्ये ओसाकात जुन्या वस्तूंच्या बाजारात तो एका अभ्यासकाच्या हाती लागला, नव्वद वर्षांनी.

तेव्हा नाशिक-पुण्याकडे तुमच्या कुणा आजोबांच्या माळ्यावर पत्र्याचा गोल, चपटा डबा दिसला, तर भंगारवाल्याला देऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोन करा. आणि आत काय आहे ते बघायला जवळ काडी पेटवू नका. त्या काळातली फिल्म भसकन पेटते.