पहिला चार्ल्स राजा

इंग्लंडचा पहिला चार्ल्स राजा १६०० सालीं जन्मला. तो धाकटा पुत्र. वडील बंधु हेन्री १६१२ त वारला, म्हणून गादी त्याच्या वांट्यास आली. परंतु जें अनायासें मिळालें, तें तो आपला हक्कच समजूं लागला. राजानें जाब द्यावा तो देवाला, प्रजेला नव्हे, असा त्याचा ग्रह होता. १६२५ त तो राज्यावर बसला. १६२९ त त्यानें पार्लमेंट मोडलें व अकरा वर्षें तें बोलाविलें नाहीं. जहाजपट्टी समुद्रकांठच्या गांवांनीं द्यावयाची. ती १६३५ त त्यानें आंतल्या परगण्यांवरहि बसविली. १६४२ त तो शिपाई घेऊन पांच सभासदांस धरावयास सभागृहांत गेला. ते आधींच निसटले होते. त्याच सालीं यादवी पेटली व हजारों घरांतले कर्ते पुरुष पडले. न्यायसभेपुढेंहि त्यानें जाब देण्याचें नाकारिलें. ३० जानेवारी १६४९ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला.

घरीं तो मायाळू पिता होता, हें आम्ही विसरत नाहीं. प्रिय वाचकहो, आम्हांजवळ राज्य नाहीं. तथापि मंडळींतील पुढली जागा व पंगतींतील मान यांसाठीं आम्हीहि असेच रुसतों. आभार मानण्याची संवय सुटली, म्हणजे हक्क सांगण्याची लागते, आणि तिचें दुःख शेजाऱ्यांस भोगावें लागतें. तिच्यापासून प्रभु आम्हांस राखो.