सांचीचा स्तूप सावरणारे जॉन मार्शल

बौद्ध वारशाचा विषय निघाला की कनिंगहॅम यांचे नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी असते. सापडलेली वास्तू पुढे टिकवायची कशी, हे शिकवणारे सर जॉन मार्शल मात्र आपल्या शिबिरांत फारसे येत नाहीत. म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

१८७६ साली इंग्लंडमधील चेस्टर येथे जन्मलेले मार्शल १९०२ मध्ये, ऐन पंचविशीत, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. दोनच वर्षांत प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आला. ते वसाहतवादी सरकारचे अधिकारी होते, हे आम्ही विसरत नाही. पण सांचीचे काम त्यापलीकडचे आहे.

सांचीचा मोठा स्तूप जॉन्सन या कॅप्टनने १८२२ मध्ये एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला होता. त्यात पश्चिमेचे तोरण कोसळले. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी तिथे पुन्हा खोदले. १८८१ पासून मेजर कोल यांनी खिंडार बुजवले, पडलेली तोरणे उभी केली. तरी स्तूपाचा नैर्ऋत्य भाग ढासळायच्या बेतात होता. मार्शल यांनी १९१२ ते १९१९ या काळात तो भाग उतरवून पुन्हा रचला, झाडोरा काढला, आधारभिंत बांधली, तिसऱ्या स्तूपाचा घुमट आणि छत्र उभारले. आणि आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते म्हणजे त्यांनी स्तूपाभोवतीच्या पाण्याचा निचरा लावून दिला. फोटोत न दिसणारे हे काम नसते, तर बाकीची दुरुस्ती किती पावसाळे टिकली असती? मदतीला भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या. बौद्ध स्तूपासाठी एका मुस्लिम राज्यकर्तीचा पैसा लागला, हेही तरुणांना सांगायला हवे.

१९२३ मध्ये त्यांनी संवर्धनाची नियमपुस्तिका काढली. गेलेले नव्याने घडवू नका, आहे ते जपा. अंदाजाने मूर्तीचे नाक-हात जोडू नका. दरवर्षी पाहणी करा, असा तिचा रोख आहे. लेण्यांवर श्रमदानाला जाताना तारेचा ब्रश, सिमेंट आणि ऑइलपेंट घेऊन जाणाऱ्या आपल्या उत्साही कार्यकर्त्यांनी ती जरूर वाचावी. संरक्षित लेण्यात परवानगीशिवाय हात लावणे कायद्यातही बसत नाही.

तक्षशिलेचे उत्खनन त्यांनी १९१३ पासून वीसेक वर्षे केले. १९५२ मध्ये सारिपुत्त आणि महामोग्गलान यांच्या इंग्लंडला गेलेल्या अस्थी सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या, तेव्हा मार्शल हयात होते. १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.