कौळाण्याचा गोपाळ आणि बडोदे शहर

कडोदऱ्यात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी बरीच कुटुंबे खानदेशाकडची. ताप्ती रेल्वेने यायचे, लूमवर किंवा डाइंग मिलमध्ये काम धरायचे आणि हळूहळू इथलेच व्हायचे, ही आपली वाट. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही ज्यांचे चरित्र निवडले आहे तेही त्याच बाजूचे, खेड्यातून गुजरातेत आलेले. ते म्हणजे श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड.

११ मार्च १८६३ रोजी मालेगाव तालुक्यातील कौळाणे गावी शेतकरी काशीराव गायकवाड यांच्या घरी गोपाळरावांचा जन्म झाला. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने बडोद्याच्या मल्हाररावांना गादीवरून दूर केले. तेव्हा महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतले. अक्षरओळखही जेमतेम असलेल्या मुलाला पुढची सहा वर्षे कसून शिकविण्यात आले. तोवर दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्याची विस्कटलेली घडी बसवली. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

त्या वेळचे बडोदे डोळ्यांसमोर आणा. शहराला समुद्र नाही, बंदर नाही. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला अहमदाबाद, दोन्हीकडे गिरण्यांचा जोर. बडोदे जगत होते मुख्यतः दरबारावर. सरदार, शिबंदी आणि त्यांना माल पुरविणारे सावकार व कारागीर, असा सारा पसारा. एका वाड्याच्या खर्चावर चालणारे शहर किती दिवस तगणार?

महाराजांनी आधी पाणी आणले. आजव्याला सयाजी सरोवर बांधून १८९२ च्या सुमारास नळाने पाणी शहरात पोचवले. १८९० मध्ये कलाभवन उघडले. त्याची धुरा सुरतेचे रसायनतज्ज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी वाहिली. तिथे यंत्रविद्या, चित्रकला, विणकाम आणि कापड रंगविण्याचे शास्त्र शिकवीत. आज आपल्या भागातील मिलमध्ये जे रंगकाम चालते, त्याचे शिक्षण देणारी शाळा एका मराठी राजाने तेव्हा काढली होती. दादासाहेब फाळकेही याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे १९०७ मध्ये गज्जरांच्या पुढाकाराने अलेंबिकचा कारखाना निघाला आणि १९०८ मध्ये महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली.

सगळेच प्रयत्न यशस्वी झाले असे नाही. राज्याच्या पैशातून काढलेले काही कारखाने तोट्यात गेले. पण पाणी, शाळा, पेढी आणि ग्रंथालय टिकून राहिले. आम्ही सरकारी नोकर असल्याने हे मुद्दाम सांगतो, की सरकारने कारखाना काढला म्हणजे गाव मोठे होतेच असे नाही. कारखाना चालवणारा माणूस घडवावा लागतो.

त्यासाठीच १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो कायदा साऱ्या राज्याला लागू झाला, मुलींनासुद्धा. आपला पलसाणा महाल तेव्हा बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतात होता. शेजारी इंग्रजांच्या मुलखात असा कायदा नव्हता.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, राज्यच विलीन झाले. राजधानीचा मान गेला, दरबार संपला. अनेक संस्थानी गावे अशा वेळी सुनी पडली. बडोद्यात मात्र त्याच वर्षी महाराजांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले, १९६५ मध्ये कोयलीला रिफायनरी सुरू झाली, आणि शिकलेली माणसे शहरात तयार होती.

कडोदराही झपाट्याने वाढते आहे. हायवेचा चौक, जीआयडीसी, लूमचा खडखडाट, सारे आहे. पण कापडाच्या बाजारात मंदी आली की दिवाळीनंतर कारखाने उशिरा उघडतात आणि आपल्या घरांत उधारीची वही निघते. एकाच धंद्यावर जगणाऱ्या गावाचे हे दुखणे बडोद्याने पूर्वी भोगले आहे. आपल्या हाती राज्य नाही, वर्गणी मात्र आहे. यंदा रोषणाईतून थोडे वाचवून मुलांसाठी एक अभ्यासिका सुरू करता आली, तर मंडळाने तिचा जरूर विचार करावा, ही आमची विनंती.

गणपती बाप्पा मोरया!